पाच टन की आठ टन? सेंट्रल एसी ठरवण्याआधी घर मोजून घ्या

प्रश्न थोडक्यात असा: सगळ्यात वरच्या मजल्यावरचं दीड हजार चौरस फुटांचं घर, तीन बेडरूम आणि हॉल, राहणारी माणसं चार. सगळ्या घराला मिळून एकच डक्टवाला सेंट्रल एसी बसवायचाय, म्हणजे मशीन एक आणि छताखालच्या नळ्यांतून (डक्टमधून) गार हवा सगळ्या खोल्यांत. बजेट बेताचं आहे आणि पुढे विजेचं बिलही आवाक्यात राहायला हवं. तीन कंत्राटदार येऊन गेले. एकाने ५ टन सांगितलं, दुसऱ्याने साडेसहा, तिसऱ्याने ८. आठवाला म्हणतो, "मोठंच घ्या, मशीनवर लोड येणार नाही." तिघांतलं कुठलं कोटेशन घ्यावं?

तूर्तास कुठलंच नको. एकाच घराला ५ आणि ८ असे आकडे येतात तेव्हा बहुधा तिघांपैकी कुणीच काही मोजलेलं नसतं. खोलीत उभं राहून वर एक नजर टाकायची, चौरस फुटांना ठरलेल्या एका आकड्याने भागायचं आणि वर "थोडी मार्जिन" ठेवायची, ही आमच्या धंद्यातली जुनी सवय आहे. मीही सुरुवातीची काही वर्षं तेच केलं. आता मशीन सगळ्यात शेवटी निवडतो. आधी घरात उष्णता कुठून येते ते पाहायचं, मग हवेची वाट नीट करायची, आणि या दोन्हींतून जो आकडा निघेल त्याचं मशीन घ्यायचं. कमी पैशांत गार होणारी जी घरं मी पाहिली, ती याच क्रमाने झालेली होती.

टन हा शब्द वजनाचा वाटतो आणि मुळात तो वजनाचाच आहे. एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत पूर्ण वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता बाहेर फेकण्याची ताकद म्हणजे १ टन. तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं इंग्रजी माप) किंवा सुमारे ३.५ किलोवॉट. तेव्हा "किती टन घ्यावा" या प्रश्नाचा खरा अर्थ "माझ्या घरात किती किलोवॉट उष्णता शिरते" असा आहे, आणि ती चौरस फुटांतून शिरत नाही. काचेतून, छतातून, भिंतींतून आणि फटींतून शिरते.

एक खिडकी घेऊ. पश्चिमेची, दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच, साधी एकेरी काच. दुपार कलली की उभ्या काचेवर दर चौरस मीटरला सहाशे वॉट ऊन सहज पडतं. तीन चौरस मीटरचे झाले १,८०० वॉट. साधी काच त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास भाग आत सोडते, म्हणजे साधारण १,४५० वॉट. एका खिडकीतून ०.४ टन! अशा दोन खिडक्या असतील तर पाऊण टनाहून जास्त मशीन तुम्ही फक्त संध्याकाळच्या उन्हासाठी विकत घेताय. त्याच खिडकीला बाहेरून छज्जा, झडप किंवा जाळीची शेड लावलीत तर यातला बराचसा भाग काचेपर्यंत पोचतच नाही. "बाहेरून" या शब्दावर जोर आहे. आतला पडदा उन्हाला अडवतो खरा, पण तोवर ऊन काच ओलांडून घरात आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो.

वरचा मजला असल्यामुळे तुमच्याकडे छत हा मोठा वाटेकरी असणार. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळनंतर ती उष्णता खाली सोडत राहतो. रात्री नऊ वाजता स्टुलावर चढून छताला आतून तळहात लावा. कोमट लागलं तर एसी बसवण्याआधी गच्चीवर पांढरा परावर्तक लेप आणि शक्य असेल तर इन्शुलेशन करून घ्या. हा खर्च एकदाच होतो आणि त्यात बिघडण्यासारखं काही फिरत नाही. टनेज वाढवलं तर मशीन, डक्ट, वायरिंग, स्टॅबिलायझर सगळंच मोठं होत जातं.

माणसांचा बाऊ मात्र करू नका. निवांत बसलेला माणूस शंभर-सव्वाशे वॉट उष्णता सोडतो. चार माणसं म्हणजे जेमतेम ०.१४ टन. "घरात माणसं जास्त आहेत, एक टन वाढवा" असं कुणी म्हणालं तर त्याला हा भागाकार दाखवा.

सांगायचा मुद्दा असा, की कंत्राटदाराकडे खोलीनिहाय हीट लोडचा, म्हणजे कुठल्या खोलीत किती उष्णता शिरते त्याच्या हिशोबाचा कागद मागा. त्यात प्रत्येक खोलीच्या खिडक्या, त्यांच्या दिशा, छत आणि भिंतींचा प्रकार आणि बाहेरचं कमाल तापमान हे सगळं आलं पाहिजे. अमेरिकेत यासाठी 'मॅन्युअल जे' नावाची ठरलेली पद्धत आहे; इतरत्र सॉफ्टवेअर किंवा एक्सेल शीट वापरतात. पद्धत कुठलीही चालेल, कागद हवा. जो हा कागद देईल त्याचं कोटेशन थोडं महाग असलं तरी मी त्यालाच झुकतं माप देईन.

आता "मोठं घ्या, लोड येणार नाही" याबद्दल. माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. एका दमट हवेच्या गावात हिशोब साडेतीन टनांचा येत होता आणि मी "कटकट नको" म्हणून ५ टनांचं साधं, फिक्स्ड स्पीडचं मशीन दिलं. पहिल्या पावसाळ्यात घरमालकांचा फोन आला: "घर गार आहे हो, पण चादरी ओलसर लागतात, आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी आली." जाऊन घड्याळ लावून बसलो. मशीन सहा-सात मिनिटं चाले, थर्मोस्टॅट समाधानी होई आणि कॉम्प्रेसर बंद पडे. कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या आतल्या थंड नळ्यांवर, जमलेलं पाणी ओघळून ड्रेनमध्ये जायलाच पहिली काही मिनिटं जातात. पाणी वाहायला लागावं तोच मशीन बंद. वर पंखा सतत चालू ठेवलेला असल्यामुळे कॉइलवरचं पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत. पंखा 'ऑटो'वर टाकल्यावर थोडा फरक पडला, पण मूळ दुखणं टनेजचं होतं आणि ते फिटलं नाही. विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी आधुनिक एसीची पहिली यंत्रणा आखली तीही हवेतला दमटपणा ताब्यात ठेवण्यासाठीच, कारण ओलाव्याने कागद फुगत-आखडत होता आणि रंग जागेवर बसत नव्हते. ओलावा काढणं हे या यंत्राचं मूळ काम, आणि गरजेपेक्षा मोठं मशीन नेमकं तेच काम नीट करत नाही. शिवाय दर वेळी चालू होतानाचा झटका आणि झीज आहेच. कडक उन्हाच्या दिवशी दुपारी मशीन तास-दोन तास न थांबता चालत असेल तर ते बरोबर निवडलेलं आहे असं समजा. लोक नेमकं तेव्हाच घाबरून फोन करतात.

खरे पैसे वाचतात किंवा वाया जातात ते डक्टमध्ये. आणि डक्ट फॉल्स सीलिंगच्या वर असल्यामुळे तिकडे कुणी बघत नाही.

मागे एका घरी मागची बेडरूम गार होत नाही अशी तक्रार होती. आधीच्या मेकॅनिकने दोनदा "गॅस कमी आहे" म्हणून गॅस भरला होता. (एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी ओतणं.) मी शिडी लावून तपासणीची झडप उघडली आणि डोकं आत घातलं, तर गार वाऱ्याची झुळूक थेट तोंडावर! मुख्य डक्टपासून बेडरूमकडे जाणारी लवचीक नळी जोडातून सुटून पडलेली होती. जोडावर राखाडी कापडी टेप होता, उन्हाळ्यात त्याचा डिंक वाळून तो पापडासारखा सुटला होता. मालक वर्षभर फॉल्स सीलिंगच्या वरचा पोटमाळा गार करत होते. उरलेली नळी एका बीमवरून अशी दुमडलेली की बागेच्या पाइपवर कुणी पाय दिला आहे असं वाटावं. मशीनला हात न लावता, दोन तासांच्या कामात ती खोली सुधारली.

त्या टेपला इंग्रजीत नावच 'डक्ट टेप' आहे, ही गंमत. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९८ च्या सुमारास डक्टचे जोड बंद करणाऱ्या निरनिराळ्या पदार्थांची गरम-गार करून चाचणी घेतली तेव्हा नेमका हाच कापडी टेप सगळ्यांत वाईट ठरला. तुमच्या कोटेशनमध्ये जोडांना मॅस्टिक सीलंट, म्हणजे ब्रशने लावायचा घट्ट लेप, किंवा चांगला ॲल्युमिनियम फॉइल टेप लिहून घ्या. लेप लावताना तिथे उभे राहा. इन्शुलेशन चढल्यावर आत काय केलंय ते दिसत नाही.

इन्शुलेशनवर कंजुषी करू नका, विशेषतः डक्ट तापलेल्या छताखालून जात असेल तर. डक्टमधली हवा साधारण १३-१४ अंशांची असते आणि उन्हाळ्यात छताखालची बंद पोकळी ५० अंशांपर्यंत जाऊ शकते. खोली आणि बाहेरच्या हवेत दहा-पंधरा अंशांचा फरक, इथे पस्तीस अंशांचा! डक्ट जितकी आखूड आणि जितकी राहत्या जागेच्या आत, तितकं बरं. मशीन घराच्या एका टोकाला, स्टोअररूमच्या वर टाकण्यापेक्षा मधल्या पॅसेजच्या वर टाकलं तर डक्टची लांबी बरीच कमी होते. पॅसेजची उंची थोडी जाईल, जाऊ द्या.

परतीच्या हवेकडे, म्हणजे खोल्यांतून फिल्टरच्या जाळीवाटे मशीनकडे परत जाणाऱ्या हवेकडे, सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. समजा हिशोब ४ टनांवर आला. टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा धरतात (दमट हवेत ३५० च्या आसपास), म्हणजे १,६०० घनफूट. फिल्टरमधून हवेचा वेग मिनिटाला ३०० फुटांच्या वर जाऊ नये असं मी धरतो. म्हणजे फिल्टरचं क्षेत्रफळ झालं सव्वापाच-साडेपाच चौरस फूट. प्रत्यक्षात बहुतेक घरांत २० इंच बाय २० इंचाची एक जाळी दिसते, म्हणजे पावणेतीन चौरस फूट, निम्मीच. मग पंखा शिट्टी वाजवतो, कॉइलवर हवा कमी जाते, कॉइलवर बर्फ धरतो आणि पुन्हा कुणीतरी गॅस भरायला येतं. जाळी मोठी करणं हे सगळ्या कामातलं सगळ्यात स्वस्त काम आहे, आणि तेच सगळ्यात आधी कापलं जातं, का ते मला आजवर कळलेलं नाही.

बेडरूमचं दार बंद केल्यावर आत आलेली हवा परत कुठून जाणार हेही विचारा. दाराखाली फट हवी, नाहीतर दारावर किंवा भिंतीत ट्रान्सफर ग्रिल. नसेल तर ती खोली फुग्यासारखी भरते आणि हॉल फटींतून बाहेरची गरम हवा ओढतो. एसी चालू असताना दार जवळजवळ मिटून फटीत कागदाची पट्टी धरा, किती फडफडते त्यावरून अंदाज येतो. आणि न वापरत्या खोलीचं ग्रिल बंद केलं की वीज वाचते हा समज सोडा. साध्या सिस्टिममध्ये त्याने डक्टमधला दाब वाढतो, गळती वाढते आणि कॉइलवरची हवा घटते.

इथे एक प्रश्न मला तुम्हालाच विचारायचाय. चारही खोल्या एकाच वेळी गार हव्यात असे दिवसातले तास किती? रात्री दोनच खोल्या वापरात आणि दिवसा घर रिकामं, असं असेल तर सगळ्या घराचं एक मशीन हा काटकसरीचा मार्ग नव्हे. तुम्ही विचारलं सेंट्रलचं, पण अशा घरांना मी दोन लहान डक्टवाली युनिट सुचवतो: एक हॉलसाठी, एक बेडरूमसाठी. डक्ट आखूड राहतात, एक बंद पडलं तरी दुसरं चालतं आणि रिकाम्या भागावर वीज जात नाही. एकाच मशीनवर मोटरवाले डँपर (डक्टमधल्या हवा अडवणाऱ्या झडपा) लावून घराचे वेगवेगळे भाग, म्हणजे झोन, करता येतात, पण ते इन्व्हर्टर मशीनवरच (ज्याच्या कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होतो) आणि झोनचा कंट्रोल मशीनशी बोलणारा असेल तरच. जास्तीची हवा बायपासने परत वळवण्याची जी युक्ती कुणी सुचवेल, तिला नको म्हणा. गार केलेली हवाच पुन्हा गार करत बसण्याचा तो प्रकार आहे.

आता मशीन. कार्यक्षमतेचा आकडा म्हणजे एका युनिट विजेत किती युनिट उष्णता बाहेर फेकली जाते. समजा तुमच्या घरातून वर्षाला १२,००० युनिट उष्णता काढायची आहे. कार्यक्षमता ३ असेल तर वीज लागेल ४,००० युनिट, ४ असेल तर ३,०००, ५ ला २,४०० आणि ६ ला २,०००. पहिल्या पायरीला हजार युनिट वाचले, दुसऱ्या पायरीला सहाशे, तिसऱ्या पायरीला चारशे. किंमत मात्र वर जाताना अधिकच वेगाने चढते. म्हणून बेताच्या बजेटमध्ये मी सर्वांत तळचं मशीन घेऊ देत नाही आणि सर्वांत वरचंही नाही. वाचणारी युनिटं गुणिले तुमचा वीजदर, आणि त्याने जादा किमतीला भागा. पाच-सहा वर्षांत वसूल होत असेल तर घ्या, बारा वर्षं लागत असतील तर तो पैसा गच्चीवर घाला.

आकडे ताडताना एकच माप वापरा. ईईआर हा ठरावीक तापमानाला, पूर्ण भारावरचा आकडा. सीअर हा अख्ख्या मोसमाचा सरासरी आकडा, आणि इन्व्हर्टर मशीनचा तो नेहमीच गोंडस दिसतो. बाहेर बहुतेक दिवस सौम्य हवा असेल तर सीअरला महत्त्व द्या. महिनोन्महिने कडक ऊन असेल तर ईईआर बघा, आणि तुमच्या बाहेरच्या कमाल तापमानाला मशीनची क्षमता किती उरते तो तक्ताही मागा. बाहेर ३५ अंश असतानाचे ४ टन ४६ अंशांना ४ राहत नाहीत. अमेरिकेत २०२३ पासून सीअर-२ नावाचं माप आलं, त्यात डक्टचा विरोध अधिक वास्तव धरला आहे. तेच मशीन, पण आकडा चार-पाच टक्क्यांनी उतरला. तेव्हा एका कोटेशनमध्ये सीअर आणि दुसऱ्यात सीअर-२ असेल तर सरळ तुलना करू नका.

इन्व्हर्टर घ्याच, पण "किमान किती टनांवर चालतं?" हे विचारून. सगळे कमाल विचारतात. रात्री तुमचा भार १ टन असेल आणि मशीन दीड टनाच्या खाली उतरत नसेल तर तेही साध्या मशीनसारखं चालू-बंद होत राहील. ८ टनांचं मशीन इथेही हरतं. आतल्या पंख्याची मोटर बीएलडीसी (कमी वीज खाणारी, बिनब्रशची) असली तर उत्तम, तासन्‌तास चालणारी तीच असते.

गॅसबद्दल थोडक्यात. आर-२२ ओझोनला मारक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये जगभर हटवला जातोय. आर-४१०ए ओझोनला निर्धोक, पण हवामान तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट, म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर त्याचेही दिवस भरत आले. आर-३२ चा तो आकडा ६७५ आणि आर-४५४बी चा ४६६ आहे. जुन्या गॅसचं मशीन घसघशीत सवलतीत मिळतंय म्हणून भुलू नका, पुढची दहा-पंधरा वर्षं त्याला गॅस लागू शकतो. नवे दोन्ही गॅस किंचित ज्वलनशील आहेत, त्यामुळे बसवणाऱ्याने त्याचं प्रशिक्षण घेतलंय का तेवढं बघा.

बसवण्याच्या दिवशी दोन गोष्टींवर नजर ठेवा. तांब्याच्या नळ्या ब्रेझिंगने (ज्योतीने धातू वितळवून) जोडताना आतून नायट्रोजन सोडलेला हवा, नाहीतर आत काजळीसारखी खपली धरते आणि ती पुढे व्हॉल्व्हमध्ये अडकते. आणि गॅस सोडण्याआधी व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत (हे उरलेल्या दाबाचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) व्हॅक्यूम काढून, पंप बंद केल्यावर तो टिकतो का ते मीटरवर दाखवायला सांगा. "वीस मिनिटं पंप लावला साहेब" हे उत्तर नव्हे, मीटरचा आकडा हवा.

त्या तिघांना आता परत बोलवा, पण गच्ची आणि खिडक्यांचं काय करणार ते ठरवून मगच. हीट लोडचा कागद, डक्टचा नकाशा, परतीच्या जाळीचं माप आणि मशीनची किमान क्षमता, एवढं लेखी मागा. माझा अंदाज, आठवाला परत येणार नाही. काम झाल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी मशीन पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, परतीच्या जाळीपाशी एक आणि मशीनच्या सगळ्यात जवळच्या ग्रिलमध्ये एक थर्मामीटर धरा. दोन्हींत साधारण ८ ते ११ अंशांचा फरक दिसला पाहिजे. त्यानंतर सगळ्यात लांबच्या बेडरूममध्ये जा. तिथल्या ग्रिलमधून येणारी हवा पहिल्या ग्रिलपेक्षा दोन अंशांहून जास्त गरम लागत असेल, तर हप्ता खिशात ठेवा आणि शिडी मागवा.